जमिनीखालचे जुने-नवे पाइप सिव्हिल थ्रीडीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रस्ता रुंदीकरण, ड्रेनेज, पाणीपुरवठा अशा कामांची ड्रॉइंग करताना सहकारी, ठेकेदारांचे इंजिनिअर आणि शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी जे प्रश्न फिरून फिरून पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं ऑटोडेस्कच्या सिव्हिल थ्रीडी या सॉफ्टवेअरला धरून आहेत. बेंटलीचं ओपनरोड्स वापरणाऱ्यांनी आज्ञांची नावं बदलून घ्यावीत, अडचणी त्याच आहेत. साइटवर बोलतात तसंच इथेही 'चेंबर' म्हणजे मॅनहोल आणि 'ड्रेनेज' म्हणजे मैलावाहिनी.

१. जुन्या पाइपांच्या टूडी रेषा प्लॅनवर आहेत. त्या पुरत नाहीत का?

दोन रेषा एकमेकींना कुठे छेदतात एवढं प्लॅन सांगतो. कोण वरून जाते आणि कोण खालून, हे तो सांगत नाही, आणि भांडण नेमकं तिथेच असतं. पाण्याची लाइन दाबाने वाहते, त्यामुळे बेंड टाकून ती उचलता किंवा दाबता येते. ड्रेनेज आणि पावसाळी लाइन उताराने वाहतात. मधेच उचलली की पाणी तुंबलं. म्हणून आडव्या येणाऱ्या ड्रेनेजची लेव्हल कळल्याशिवाय नव्या पावसाळी लाइनची लेव्हल ठरवता येत नाही. गावातल्या एखाद्या बोळात एकच सर्व्हिस लाइन असेल आणि खोदाई फूटभराचीच असेल, तर टूडी रेषेवर काम भागवा, थ्रीडीचा हट्ट नको.

२. पाइप नेटवर्क आणि प्रेशर नेटवर्क यांपैकी कुठलं कधी वापरायचं?

उताराने वाहणाऱ्याला पाइप नेटवर्क, दाबाने वाहणाऱ्याला प्रेशर नेटवर्क. पहिल्यात सगळा हिशेब इन्व्हर्टवर (पाइपच्या आतल्या तळाच्या लेव्हलवर) आणि चेंबरवर चालतो. दुसऱ्यात तो पाइपवरच्या मातीच्या थरावर चालतो आणि बेंड, टी, व्हॉल्व्ह हे स्वतंत्र भाग म्हणून येतात. फसगत होते ती रायझिंग मेनमध्ये, म्हणजे पंपाने मैलापाणी ढकलणाऱ्या लाइनमध्ये. आत मैलापाणी आहे म्हणून लोक ती ड्रेनेजच्या नेटवर्कात टाकतात, पण पंपाच्या पुढे ती प्रेशर लाइनच आहे.

प्रेशर नेटवर्क २०१३ च्या आवृत्तीत आलं. त्याआधीच्या फायलींत पाण्याच्या लाइनही पाइप नेटवर्कात, चेंबरच्या जागी नल स्ट्रक्चर (नावापुरतं, आकार नसलेलं चेंबर) ठेवून केलेल्या सापडतात. अशी फाइल हाती आली तर ती चूक समजू नका, तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. केबल आणि डक्टसाठी मात्र हीच युक्ती आजही सोयीची पडते.

३. जुने आणि नवे पाइप एकाच नेटवर्कात ठेवले तर काय बिघडतं?

सगळं बिघडतं, आणि गुपचूप बिघडतं. जुना पाइप ही साक्ष आहे, नवा पाइप हा निर्णय. साक्ष बदलायचा अधिकार डिझायनरला नाही. सॉफ्टवेअरला मात्र हा फरक कळत नाही, दोन्ही पाइप ते सारख्याच ठामपणे काढून दाखवतं.

आमच्याच कार्यालयात घडलेली गोष्ट. जुनी ड्रेनेज लाइन नव्याच पार्ट्स लिस्टमधून (पाइप-चेंबरच्या प्रकारांच्या आणि मापांच्या यादीतून) काढली गेली. त्या लिस्टला किमान १ मीटर कव्हरचा नियम जोडलेला होता. प्रत्यक्षात जुन्या लाइनवर जेमतेम ७० सेंमी माती होती. काढतानाच नियम लागू झाला, पाइप ३० सेंमी खाली गेला आणि नव्या लाइनशी होणारी टक्कर ड्रॉइंगवरून नाहीशी झाली. जमिनीत ती होतीच. ट्रायल पिट (खात्रीसाठीचा खड्डा) घेतला म्हणून निभावलं.

तेव्हापासून आमच्याकडे जुन्याचं नेटवर्क वेगळं, फाइल वेगळी, पार्ट्स लिस्ट वेगळी आणि त्या लिस्टला जोडलेला नियमांचा संच पूर्ण रिकामा. डिझाइनच्या फायलीत जुनं नेटवर्क डेटा शॉर्टकटने, म्हणजे नुसत्या संदर्भाने येतं. दिसतं, मोजता येतं, हलवता येत नाही.

४. महापालिकेच्या नकाशावर पाइप दाखवलेला आहे. तोच मॉडेलमध्ये घेतला तर चालेल ना?

घ्या, पण तो कुठून आला हे त्याच्या अंगावर लिहा. अमेरिकेतल्या एएससीई ३८ या मानकात (२००२ चं, २०२२ मध्ये सुधारलेलं) माहितीचे चार दर्जे आहेत. 'डी' म्हणजे फक्त कागद किंवा तोंडी माहिती. 'सी' म्हणजे वर दिसणारी झाकणं, व्हॉल्व्ह, खांब मोजून कागदाशी जुळवलेलं. 'बी' म्हणजे उपकरणाने शोधलेलं. 'ए' म्हणजे खड्डा घेऊन डोळ्यांनी पाहिलेलं. ब्रिटनच्या 'पास १२८' या मानकातही अशीच प्रतवारी आहे. आपल्याकडच्या निविदेत हे शब्द नसले तरी विचार उचलायला कोणाची हरकत नाही.

प्रत्येक पाइपला प्रॉपर्टी सेट जोडा आणि त्यात दर्जा, स्रोत, पाहिल्याची तारीख हे तीन रकाने ठेवा. पाइपचा रंग दर्जावरून ठरवा. मीटिंगमध्ये पडद्यावर अर्धं शहर 'डी'च्या रंगात दिसलं की ट्रायल पिटचे पैसे मंजूर करून घेणं सोपं जातं.

नकाशाहून चांगला स्रोत म्हणजे त्या भागात रोज पाणी सोडणारा व्हॉल्व्हमन. कुठला व्हॉल्व्ह कुठल्या गल्लीला पाणी देतो हे त्याला पाठ असतं. त्याच्यासोबत तासभर फिरा. 'कॉल बिफोर यू डिग' हे केंद्र सरकारचं ॲप २२ मार्च २०२३ पासून आहे. खोदणाऱ्याने सूचना दिली की त्या जागी ज्यांच्या वाहिन्या आहेत त्यांना कळतं आणि दोघांचं बोलणं होऊ शकतं. खोदाईआधी ते जरूर वापरा, पण त्यातून मॉडेलसाठी लेव्हल मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

५. जीपीआर सर्व्हे करून घेतला, तरी अर्धे पाइप सापडलेच नाहीत. सर्व्हेवाल्याने फसवलं का?

बहुधा मातीने फसवलं. जीपीआरच्या (जमिनीत पाहणाऱ्या रडारच्या) लहरी ओल्या चिकणमातीत लवकर विरतात, आणि आपली काळी माती त्या बाबतीत सगळ्यांत वाईट. मुरमात किंवा कोरड्या भरावात तेच यंत्र बरं चालतं. पावसाळ्यानंतर लगेच सर्व्हे घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

दुसरं यंत्र विद्युतचुंबकीय लोकेटर. ते धातू आणि केबल पकडतं, एचडीपीईचा प्लास्टिक पाइप पकडत नाही. सोबत ट्रेसर वायर टाकलेली असेल तर गोष्ट वेगळी. डीआय (डक्टाइल आयर्न) पाइप धातूचा असला तरी त्याच्या सांध्यात रबरी रिंग असते. तिथे विजेची सलगता तुटते आणि सिग्नल हरवतो. त्यामुळे 'सापडला नाही' याचा अर्थ 'नाही' असा कधीच लावू नका. जिथे नवी लाइन जुनीला छेदणार आहे त्या नेमक्या जागी हाताने खड्डा घ्या. दहा ठिकाणी घ्यायची ऐपत नसेल तर चार ठिकाणी घ्या, पण ती चार मॉडेल पाहून निवडा.

६. जुन्या चेंबरचं माप नक्की कशाकशाचं घ्यायचं?

झाकणाची लेव्हल, झाकणापासून प्रत्येक पाइपच्या इन्व्हर्टपर्यंतची खोली, प्रत्येक पाइपचा आतला व्यास आणि दिशा, चेंबरचं आतलं माप आणि गाळाची जाडी. 'प्रत्येक पाइप' म्हणजे खरोखर प्रत्येक. विटांच्या जुन्या चेंबरमध्ये तीन पाइप तीन उंचीवर येतात आणि सर्व्हेच्या तक्त्यात मात्र एकच खोली लिहिलेली असते.

गाळाचा रकाना लोक टाळतात, आणि सगळ्यांत महाग चूक तीच. २०० मिमीची ड्रेनेज लाइन १:३०० उताराने गेली तर ३० मीटरमध्ये ती फक्त १० सेंमी उतरते. स्टाफ (लेव्हलिंगची मापपट्टी) गाळावर टेकवून खोली वाचली आणि गाळ १० सेंमी असला, तर दोन चेंबरमधला सगळा उतार कागदावरून गेला. स्टाफ टेकवल्यावर दाबून पाहा. पाइपचा माथा दिसत असेल तर एल आकाराच्या सळईने माथ्याची खोली घ्या आणि व्यास मिळवून इन्व्हर्ट काढा.

मापासाठी माणूस आत उतरवायचा नाही. हाताने मैला साफ करण्याची प्रथा बंद करणारा २०१३ चा कायदा तर आहेच, पण कायदा नसता तरी आतला वायू कोणाला विचारून मारत नाही. स्टाफ, सळई आणि काठीवरचा कॅमेरा यांनी वरून काम होतं.

झाकण सापडतच नसेल तर डांबराखाली शोधा. चेंबर साधारण ३० मीटरवर ठेवतात. दोन दिसणाऱ्या चेंबरमध्ये ६० मीटर अंतर असेल तर मधलं एक रस्त्याच्या मागच्या थराखाली गेलं आहे असं धरूनच चाला.

७. जुन्या ड्रॉइंगच्या लेव्हल आणि आमच्या सर्व्हेच्या लेव्हल जुळत नाहीत. कोण चुकलं?

कदाचित कोणीच नाही, शून्य, म्हणजे डेटम, वेगळं आहे. मुंबईच्या जुन्या ड्रॉइंगवर लेव्हल टाऊन हॉल डेटममध्ये असतात. समुद्रसपाटीच्या आकड्यांहून त्या वीस मीटरांपेक्षा जास्त वेगळ्या दिसतात. जीएनएसएस (उपग्रहांवरून मोजणारं) यंत्र मुळात जी उंची देतं ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलावरची असते. महाराष्ट्रात ती समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा साठ-एक मीटरने कमी येते. एवढे मोठे फरक लगेच डोळ्यांत भरतात, म्हणून ते धोक्याचे नाहीत. धोका आहे तो कोपऱ्यावरच्या ओट्याला १००.०० धरून केलेल्या लेव्हलिंगचा आणि नंतर कोणीतरी 'अंदाजे जुळवून' दिलेल्या ३०-४० सेंमीच्या फरकाचा. उपाय एकच. जुन्या आणि नव्या सर्व्हेत असलेले निदान तीन बिंदू शोधा आणि तिन्हीकडे फरक सारखा येतो का पाहा. सारखा आला तर सगळं नेटवर्क तेवढं उचला. नाही आला तर जुन्या लेव्हल 'डी' दर्जाच्या.

आडव्या मापातही एक खोच आहे. पुणे, नाशिक, कोल्हापूर यूटीएम या नकाशाच्या निर्देशांक पद्धतीच्या ४३ उत्तर पट्ट्यात येतात, नागपूर ४४ मध्ये. आणि पुण्यात जमिनीवर टेपने मोजलेलं १ किमी यूटीएममध्ये सुमारे ३० सेंमी कमी भरतं. टोटल स्टेशनचा आणि जीएनएसएसचा सर्व्हे एकत्र करताना हे आठवलं नाही, तर लांब लाइनच्या टोकाचं चेंबर शेजारच्या कंपाउंडमध्ये जाऊन बसतं.

८. पार्ट्स लिस्टमध्ये व्यास आतला द्यायचा की बाहेरचा?

दोन्ही, म्हणजे आतला व्यास आणि भिंतीची जाडी. वहनक्षमता आतल्या व्यासावर ठरते, टक्कर बाहेरच्या व्यासावर. पाइपचं नाव कुठल्या व्यासावरून पडतं हे मालावर अवलंबून असतं, आणि घोळ इथे होतो. आरसीसी पाइपला नाव आतल्या व्यासाचं. आयएस ४५८ या भारतीय मानकाचा ४५० मिमी, एनपी ३ वर्गाचा पाइप घेतला तर भिंत ७५ मिमी, म्हणजे जमिनीत तो ६०० मिमी जागा खातो. डीआयमध्ये डीएन ३०० चा बाहेरचा व्यास ३२६ मिमी. एचडीपीईला नाव थेट बाहेरच्या व्यासाचं, त्यामुळे २०० मिमी एचडीपीईत पाणी जायला जागा २०० नसतेच.

सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या कॅटलॉगमधली मापं आपल्या आयएसशी जुळत नाहीत. ड्रेनेजसाठी पार्ट बिल्डरमध्ये आणि प्रेशरसाठी इन्फ्रास्ट्रक्चर पार्ट्स एडिटरमध्ये आपली मापं एकदाच नीट भरा आणि कॅटलॉग सर्व्हरवर ठेवा. तो प्रत्येकाच्या मशीनवर वेगवेगळा असला की फाइल उघडल्यावर पाइप बदललेले दिसतात आणि दिवसभर सगळे एकमेकांकडे बघत बसतात.

९. थ्रीडी पॉलीलाइनवरून नेटवर्क केलं आणि सगळे पाइप थोडे खाली-वर सरकले. का?

आज्ञा देताना पॉलीलाइनची उंची पाइपच्या कुठल्या बिंदूची समजायची हे विचारलं जातं: बाहेरचा माथा, आतला माथा, मध्य की इन्व्हर्ट. आधीच्या वेळेची निवड तशीच राहिलेली असते. खड्ड्यात सर्व्हेवाला स्टाफ पाइपच्या पाठीवर ठेवतो, म्हणजे बाहेरचा माथा. चेंबरमधून घेतलेलं माप इन्व्हर्टचं. एकाच फायलीत दोन्ही असतील तर आधी त्यांचे दोन लेयर करा.

१०. इन्व्हर्ट माहीतच नाही. कोणीतरी 'मीटरभर खोल असेल' एवढंच सांगितलं आहे. काय भरायचं?

शून्य भरू नका. शून्य उंचीवर टाकलेला पाइप टक्करीच्या तपासणीत कधीच सापडत नाही आणि तपासणी पास झाली असं वाटतं. जमिनीच्या सरफेसखाली सांगितलेल्या खोलीवर पाइप टाका आणि दर्जा 'डी' लिहा. कोणी खोलीही सांगत नसेल तर शहरी रस्त्यांवरच्या वाहिन्यांसाठीचं इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी ९८ पाहा. पाण्याच्या सर्व्हिस लाइनला ०.६ ते १ मीटर आणि मोठ्या लाइनला १ ते १.५ मीटर हे त्यातले पट्टे. मात्र हे पट्टे कसं असावं ते सांगतात, कसं आहे ते नाही.

अशा पाइपभोवती आम्ही दुसरा, मोठा, पारदर्शक पाइप काढतो. त्याचा व्यास आमच्या अज्ञानाएवढा. लाइन ०.६ ते १.५ मीटरच्या दरम्यान कुठेही असू शकत असेल तर त्या पाइपने तो सगळा पट्टा व्यापला पाहिजे. टक्कर त्याच्याशी तपासायची. एल-सेक्शनवर (लाइनच्या लांबीतल्या उभ्या छेदावर) हा जाड पट्टा पाहून साहेब दचकतात. दचकू द्या.

११. जुन्या लाइनचा उतार उलटा येतोय. आकडा दुरुस्त करू का?

आधी गाळ (प्रश्न ६), मग डेटम (प्रश्न ७), मग तक्त्यातली नोंद तपासा. १.२५ चं १.५२ झालेलं अनेकदा सापडतं. तरीही उलटाच आला तर तो तसाच ठेवा. खचलेल्या आणि घाईत टाकलेल्या लाइन खरोखर उलट्या असतात आणि 'इथे नेहमी तुंबतं' या रहिवाशांच्या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा तेच असतं. फक्त वहनाची दिशा उतारावरून ठरवण्याचा पर्याय बंद करा आणि सुरुवात ते शेवट असा ठेवा. नाहीतर बाण वरच्या चेंबरकडे फिरतो.

१२. नव्या ड्रेनेजच्या नियमांत कुठले आकडे भरायचे?

सीपीएचईईओ या केंद्राच्या पाणीपुरवठा-मलनिस्सारण संस्थेच्या २०१३ च्या मॅन्युअलमधले. सुरुवातीच्या काळातल्या कमाल प्रवाहाला वेग निदान ०.६ मीटर प्रतिसेकंद, अंतिम कमाल प्रवाहाला ०.८, आणि वरची मर्यादा ३. अंतिम प्रवाहालाही पाइप ०.८ खोलीपर्यंतच भरावा. येणाऱ्या शाखेत आणि मुख्य लाइनमध्ये ६०० मिमीपेक्षा जास्त उडी असेल तर ड्रॉप चेंबर.

सिव्हिल थ्रीडीचे नियम मात्र कव्हर, उतार, लांबी, उडी अशी मापंच जाणतात. वेग त्यांना कळत नाही. नियमात टाकलेला किमान उतार तुम्ही हिशेबाने आधी काढलेला हवा. वरच्या टोकाच्या लाइनमध्ये पाणीच इतकं कमी असतं की पूर्ण भरलेल्या पाइपसाठी काढलेला उतार तिथे अपुरा पडतो. तिथे उतार वाढवा. आणि नियम पुन्हा लागू करण्याआधी फाइलची प्रत ठेवा. हाताने बसवलेले इन्व्हर्ट एका क्लिकमध्ये पुसले जातात.

१३. पाइपचा व्यास वाढवला की कधी इन्व्हर्ट बदलतो, कधी माथा. हे कोण ठरवतं?

पाइपच्या गुणधर्मांत 'होल्ड ऑन रिसाइज टाइप' नावाची ओळ असते. तिथे माथा, मध्य किंवा इन्व्हर्ट यांपैकी जे निवडलेलं असेल ते जागेवर राहतं. जुन्या लाइनचा व्यास नंतर कळला तर जे मोजलं होतं ते धरून ठेवा. नव्या ड्रेनेजमध्ये खालच्या बाजूला मोठा पाइप सुरू होतो तिथे माथे जुळवायचे. इन्व्हर्ट जुळवले तर मोठ्या पाइपमधलं पाणी लहान पाइपमध्ये मागे फुगतं.

१४. नवी लाइन जुन्या चेंबरला जोडायची आहे. नेटवर्क वेगळी असताना कशी जोडू?

नव्या नेटवर्काच्या शेवटी, जुन्या चेंबरच्याच जागी, नल स्ट्रक्चर ठेवा आणि पाइप त्यात संपवा. दोन नेटवर्क एकत्र करू नका, कारण प्रश्न ३. जोडणीचा इन्व्हर्ट जुन्या बाहेर जाणाऱ्या पाइपच्या इन्व्हर्टवरून हाताने भरा आणि तो आकडा 'ए' दर्जाचा असल्याशिवाय ड्रॉइंग सही करू नका. डिझाइन खालून वर जातं. ही एक लेव्हल चुकली की वरची सगळी लाइन चुकते.

१५. एल-सेक्शनमध्ये आडवा जाणारा गोल पाइप अंड्यासारखा का दिसतो?

आडवं माप १:१००० आणि उभं १:१०० असतं, म्हणून उंची दहापट ताणलेली दिसते. अंडं बरोबर आहे, त्याला जबरदस्तीने गोल करू नका. गोल केलात तर त्याचा माथा आणि तळ चुकीच्या लेव्हलवर दिसेल. आडव्या पाइपासाठी प्रोफाइल व्ह्यूमध्ये 'क्रॉसिंग' दाखवणारी स्टाइल लावा. साधा पाइप म्हणून टाकला तर तो लांबलचक तिरक्या रेषेसारखा पसरतो आणि वाचणारा गोंधळतो.

१६. इंटरफिअरन्स चेक (टक्करीची तपासणी) शून्य दाखवतो. म्हणजे टक्कर नाही ना?

शून्य आलं की मी आधी संशय घेतो. जुने पाइप शून्य उंचीवर आहेत का (प्रश्न १०)? भिंतीची जाडी भरली आहे का (प्रश्न ८)? तपासणी फक्त प्रत्यक्ष स्पर्शाची झाली की अंतर देऊन? थ्रीडी प्रॉक्सिमिटीचा पर्याय लावून हवं ते अंतर दिलं नाही, तर एकमेकांना घासून जाणारे दोन पाइपही पास होतात.

शिवाय जे काढलेलंच नाही ते तपासलं जात नाही. पाइपखालचं काँक्रीट बेडिंग, आरसीसी पाइपची कॉलर, चेंबरची बाहेरची भिंत आणि पाया, व्हॉल्व्ह चेंबर, खांबाचा पाया. ड्रेनेज, पाणी, डक्ट बँक, बॉक्स ड्रेन सगळं एकत्र तपासायचं तर मॉडेल ऑटोडेस्कच्याच नेव्हिसवर्क्स या सॉफ्टवेअरमध्ये न्या आणि त्यातलं टकरी शोधणारं क्लॅश डिटेक्टिव्ह चालवा. तिथे हजार टकरी निघतात, त्यातल्या बहुतेक एकाच चेंबरच्या असतात. गट पाडून वाचा.

१७. पाण्याची लाइन ड्रेनेजखालून नेण्याशिवाय इलाज नाही. मॉडेलमध्ये काय दाखवू?

नियम असा की पाण्याची लाइन ड्रेनेजपासून आडवी निदान ३ मीटर दूर असावी. तेवढी जागा नसेल किंवा छेद होत असेल, तर पाण्याच्या लाइनचा तळ ड्रेनेजच्या माथ्यापेक्षा निदान अर्धा मीटर वर हवा. आपल्या गल्ल्यांत ३ मीटर मिळणं म्हणजे नशीब.

हा नियम नुसता कागदी नाही. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पाणी दिवसातून काही तासच सोडतात. पाणी बंद झालं की लाइन रिकामी होते, आत ओढ निर्माण होते आणि सांध्यातून बाहेरचं पाणी आत शिरतं. शेजारी गळकी ड्रेनेज असेल तर काय शिरतं ते सांगायला नको. चोवीस तास दाब असलेल्या शहरात जो अपवाद खपतो तो इथे खपत नाही.

तेव्हा आधी पाण्याची लाइन वरून नेता येते का ते दोन्ही बाजूंना बेंड टाकून पाहा. खरोखरच इलाज नसेल तर छेदाच्या जागी पाण्याच्या पाइपची अख्खी लांबी मध्यावर आणा. डीआय साडेपाच किंवा सहा मीटरचा येतो, म्हणजे सांधा दोन्हीकडे पावणेतीन ते तीन मीटर लांब जातो. बाहेरून केसिंग किंवा काँक्रीटचं आवरण द्या आणि ते आवरणही मॉडेलमध्ये स्वतंत्र मोठा पाइप म्हणून काढा, म्हणजे ते टक्करीत आणि परिमाणात दोन्हीकडे येतं. सांध्याची जागा ड्रॉइंगवर लिहा. लिहिली नाही तर पाइप टाकणारा सांधा बरोबर छेदावर आणतो, हा अनुभव आहे.

१८. बंद पडलेल्या लाइन मॉडेलमधून काढून टाकू का?

नको. स्टाइल बदला, 'बंद' असा शेरा द्या, पाइप राहू दे. जेसीबीला बंद लाइन आणि चालू लाइन सारखीच लागते. आणि बंद म्हणून सांगितलेल्या लाइनमधून पाणी येणं ही रस्त्यावरची नेहमीची करमणूक आहे.

१९. रस्त्याची नवी लेव्हल बदलली की जुन्या चेंबरचं झाकण आपोआप वर सरकतं. कसं थांबवू?

चेंबरच्या गुणधर्मांत सरफेसप्रमाणे आपोआप जुळवून घेण्याचा पर्याय चालू राहिला आहे. जुन्या नेटवर्कात तो सगळीकडे बंद करा आणि झाकणाची मोजलेली लेव्हल भरा. तळही खोलीने नाही तर लेव्हलने बांधा, नाहीतर झाकणासोबत तळ प्रवास करतो. नव्या नेटवर्कात उलट, झाकण नव्या रस्त्याच्या सरफेसला बांधलेलंच हवं. जी जुनी चेंबर उंचवायची आहेत त्यांची मोजलेली लेव्हल बदलू नका. मोजलेली आणि नवी लेव्हल यांतला फरक लेबलमध्ये दाखवा. ठेकेदाराला तोच आकडा हवा असतो.

२०. पाइपची लांबी अंदाजपत्रकात कुठली घ्यायची?

सॉफ्टवेअर दोन लांब्या देतं: चेंबरच्या मध्यापासून मध्यापर्यंत, आणि आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत. उताराचं गणित पहिलीवर, पाइपची खरेदी दुसरीवर. १.२ मीटर व्यासाच्या चेंबरमागे १.२ मीटरचा फरक पडतो. तीस मीटरवर चेंबर धरली तर हा ४ टक्के झाला. बिलाच्या वेळी वाद नको असेल तर तक्त्याच्या डोक्यावरच कुठली लांबी ते लिहा.

२१. काम संपल्यावर 'ॲज बिल्ट' (प्रत्यक्ष झालेल्या कामाचं) मॉडेल कसं करायचं? नव्या पाइपचं नाव बदलून जुना केला तर?

तसं केलं तर तुमचा निर्णय साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. खोदाईत खडक लागला म्हणून लाइन दोन फूट सरकली, हे डिझाइनच्या मॉडेलला माहीत नसतं. खड्डा बुजवण्याआधी प्रत्येक चेंबरपाशी, प्रत्येक बेंडला आणि प्रत्येक छेदावर पाइपच्या माथ्याचा सर्व्हे घ्या. त्या बिंदूंवरून प्रश्न ३ च्या पद्धतीने, रिकाम्या नियमांच्या लिस्टमधून, नवं नेटवर्क काढा. उंचीचा संदर्भ बाहेरचा माथा (प्रश्न ९). दर्जा 'ए', तारीख त्या दिवसाची. सर्व्हेवाला पोचण्याआधीच बुजवलेला भाग असेल तर त्याला 'सी' द्या. ठेकेदाराने त्या लांबीच्या बिलाबरोबर फोटो जोडले असले तरी 'सी'च.